वसीयतनामा: लाल शिक्क्याआधीचा हिशेब

गेली बत्तीस वर्षं मी चिपळुणात दस्त टाईप करते. आधी टाईपरायटरवर, आता संगणकावर. मला सगळे आपा म्हणतात, माझ्या वयाचेसुद्धा. महिन्यातून एकदा तरी कुणी चाचा प्लॅस्टिकच्या पिशवीत घरपट्टीच्या पावत्या आणि सातबारा घेऊन येतात, समोरच्या स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "आपा, एक वसीयतनामा टाईप करून द्या. नोटरीचा शिक्का मारून आणतो, म्हणजे पक्का."

वसीयतनामा म्हणजे मुसलमानाचं मृत्युपत्र. त्या "म्हणजे पक्का" साठीच हे लिहायला बसले. मी वकील नाही. पण चुकीचा वसीयतनामा काय करतो ते मी घरातच पाहिलंय, आणि तो टाईप मीच केला होता.

2009 ची गोष्ट. अब्बांनी ठरवलं की गोवळकोटचं घर धाकट्याला द्यायचं. थोरला भाऊ कुवेतला, आम्ही दोघी बहिणी आपापल्या घरी, आणि अब्बांचं पथ्यपाणी, अम्मीचं डोळ्यांचं ऑपरेशन, गळणारी कौलं हे सगळं धाकट्याच्या अंगावर. त्यात वावगं काय? मी दोन पानं टाईप केली, "माझ्या पश्चात सदर घर मिळकतीवर माझ्या अन्य वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही" असं ठसक्यात लिहिलं. अब्बांनी सही केली, नोटरींनी तिकिटं लावली, गोल लाल शिक्का मारला, रजिस्टरमध्ये नोंद घेतली. अब्बा 2016 ला गेले. थोरला भाऊ सुट्टी काढून आला, कागद वाचला आणि एवढंच म्हणाला, "तूच टाईप केलंस ना? तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. दस्तांची भाषा पाठ होती, शरियतचा हिशेब नव्हता.

तर पहिली गोष्ट नोटरीची. नोटरी 1952 च्या कायद्याखाली काम करतो. त्याचा शिक्का सांगतो की अमुक माणूस अमुक दिवशी माझ्यासमोर आला आणि त्याने सही केली. आत लिहिलेलं कायद्यात बसतं की नाही, हे तो शिक्का सांगत नाही. मुसलमानाच्या वसीयतीला तर शिक्काच काय, कागदाचीही सक्ती नाही. तोंडी वसीयतही चालते, फक्त ती कोर्टात शाबित करताना घाम फुटतो. हिंदूंच्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, तो नियमही आपल्याला लागू नाही. मुंबईत प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र शाबित करून घेण्याची, जी धावपळ लोक करायचे, तीही मुसलमानाच्या वसीयतीला कधी सक्तीची नव्हती. म्हणजे कागदाच्या बाबतीत आपला कायदा एकदम सैल. घट्ट आहे तो दोन ठिकाणी: किती द्यायचं आणि कुणाला द्यायचं.

किती, तर एकतृतीयांश. साद बिन अबी वक्कास यांची हदीस बहुतेकांनी ऐकलेली असते: सगळी मालमत्ता दान करू का, अर्धी करू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा पैगंबरांकडून उत्तर आलं की एकतृतीयांश, आणि तेही पुष्कळच. कुणाला, तर जो वारस नाही त्याला. वारसाचा हिस्सा अल्लाने ठरवून दिलाय, वारसासाठी वसीयत नाही. हनफी असा की आमच्या कोकणातल्यासारखे शाफई, सुन्नींमध्ये दोन्हीकडे हेच धरतात. वारसाच्या नावे लिहिलंच, किंवा एकतृतीयांशाच्या वर लिहिलं, तर बाकीच्या वारसांची मान्यता लागते, आणि ती वसीयत करणारा गेल्यानंतरची. तो हयात असताना सगळ्या मुलांच्या सह्या घेऊन ठेवल्या तरी त्या नंतर बांधून ठेवत नाहीत. इस्नाअशरी, म्हणजे बारा इमाम मानणाऱ्या शियांचं वेगळं आहे. त्यांच्या कायद्यात एकतृतीयांशाच्या आत वारसालाही देता येतं, कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून दस्तात "मी सुन्नी, शाफई" किंवा जे असेल ते पहिल्याच परिच्छेदात लिहून घ्या. माझ्याकडचे जुने नमुने हे लिहितच नव्हते.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. धाकटा म्हणजे वारस, घर म्हणजे अब्बांची जवळजवळ सगळी मालमत्ता, म्हणजे दोन्हीकडून चूक. अम्मीने आणि आम्ही दोघी बहिणींनी मान्यता दिली. थोरल्याने दिली नाही. अशा वेळी जो मान्यता देतो त्याच्या हिश्श्यापुरतीच ती चालते. अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे चोवीसात तीन. उरलेल्या एकवीसात भावांना सात-सात, बहिणींना साडेतीन-साडेतीन. थोरल्याचे चोवीसातले सात भाग उभेच राहिले. घराचं असं चोवीस भागांत काय कापणार? धाकट्याने मच्छीचा टेम्पो विकून त्याला पैसे दिले. दोघं आज बोलतात, पण ईदच्या दिवशी बोलतात.

आता वसीयतीची वही उघडायची असेल तर अशी उघडा.

आधी वारस लिहा. सुट्या कागदावर नाही, मनात तर नाहीच नाही. वहीच्या पानावर, आज मी गेलो तर कोण मागे राहील या हिशेबाने. बायको, मुलगे, मुली, आई, बाप. आईला माणसं हटकून विसरतात. ऐंशीची म्हातारी पडवीत बसलेली असते आणि मुलगा वारसांत फक्त बायकापोरं लिहून आणतो. मुलंबाळं असताना आईचा सहावा हिस्सा आहे, बाप हयात असेल तर त्याचाही सहावा. बायकोचा मुलं असतील तर आठवा, नसतील तर चौथा. नवऱ्याचा मुलं असतील तर चौथा, नसतील तर अर्धा. मुलगे आणि मुली दोन्ही असतील तर वाटून उरलेल्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक. मुलगा नसेलच, तर एका मुलीला अर्धा, दोन किंवा जास्त असतील तर सगळ्यांत मिळून दोनतृतीयांश. हे सगळं कुराणातल्या सूरह निसाच्या 11 आणि 12 या आयतींत आहे. मौलानांना विचारलंत तर ते बोटांवर मोजून दाखवतील.

कोण वारस नाही, तेही त्याच पानावर लिहा, कारण वसीयत खरं तर त्यांच्यासाठी असते. दत्तक किंवा पाळलेलं मूल वारस नाही. दुसऱ्या धर्माची बायको वारस नाही. आणि सगळ्यात दुखरं म्हणजे, आधी वारलेल्या मुलाची मुलं, त्यांचे चुलते हयात असताना, आजोबांची वारस नाहीत.

या नातवंडांसाठी माझ्याकडे फार लोक येतात. रस्त्यावरचा अपघात, गल्फमधला हार्ट अटॅक, तरुण मुलगा जातो, सून दोन पोरांना घेऊन घरातच राहते आणि आजोबा गेल्यावर तिला कळतं की पोरांचा कागदावर काहीच हक्क नाही. हिशेब करून दाखवते, आकडे सोपे घेते. समजा चाचांचं सगळं मिळून 50 लाखांचं आहे. मागे चाची, दोन मुलगे, तीन मुली आणि वारलेल्या मुलाची दोन पोरं. आधी कफन-दफनाचा खर्च, 30 हजार. मग कर्ज, सोसायटीचं 1 लाख 20 हजार. मग चाचीचं न दिलेलं मेहर, म्हणजे निकाहात कबूल केलेली रक्कम, 50 हजार. मेहर हे कर्जच आहे, हे नीट ऐका. ते वसीयतीच्या आधी जातं, आणि चाचीच्या आठव्या हिश्श्यातून वजा होत नाही. उरले 48 लाख. वसीयत या 48 च्या एकतृतीयांशात बसली पाहिजे, म्हणजे 16 लाखांत. आणि 48 लाख हे मरतेवेळचे, लिहितेवेळचे नव्हेत.

चाचा म्हणतात, "लिहा मग नातवंडांना एकतृतीयांश." थांबा. 16 लाख नातवंडांना गेले तर उरतात 32. त्यातले चाचीला 4. बाकी 28 चे सात भाग, मुलग्यांना 8-8, मुलींना 4-4. म्हणजे वारलेल्या मुलाच्या घराला 16 आणि जिवंत मुलाला 8. भांडण इथेच पेरलं जातं. या घरात पाचवा हिस्सा लिहिला तर काय होतं बघा: नातवंडांना 9 लाख 60 हजार, उरलेल्या 38 लाख 40 हजारांतून चाचीला 4 लाख 80 हजार, प्रत्येक मुलाला 9 लाख 60 हजार, प्रत्येक मुलीला 4 लाख 80 हजार. पोरं आपल्या बापाच्या जागी, चुलत्यांच्या बरोबरीने बसली. हे प्रमाण प्रत्येक घरी वेगळं निघतं, पाचवा हिस्सा सगळीकडे चिकटवू नका. पण कॅल्क्युलेटर घेऊन बसा. एकतृतीयांश ही कमाल मर्यादा आहे, तेवढं दिलंच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही.

लिहिताना वस्तूपेक्षा हिस्सा लिहा. "मागच्या दाराकडची आंब्याची बाग नातवंडांना" असं लिहिलंत आणि उद्या बागेची किंमत वाढून एकतृतीयांशाच्या वर गेली, की भाव काय धरायचा यावर दहा वर्षं जातात. "माझं कफन-दफन, कर्ज व मेहर वजा जाता उरणाऱ्या मिळकतीचा एकपंचमांश" हे वाक्य टिकतं. विशिष्ट वस्तूच द्यायची असेल तर पुढे जोडा की ती एकतृतीयांशाच्या वर भरल्यास तेवढ्या प्रमाणात कमी करावी. मिळकतीचं वर्णन मात्र पूर्ण हवं: गाव, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, ग्रामपंचायतीचा घर नंबर, चतुःसीमा. "आमचं मोठं घर" म्हणजे कुठलं, हे तुमच्यानंतर कुणाला सांगता येणार नाही.

अमलात आणणारा माणूस नेमा, त्याला वसी म्हणतात. पोरं अज्ञान असतील तर हे फारच महत्त्वाचं. सातबारावर "अ.पा.क. आई", म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, पण आपल्या कायद्यात मुलांच्या मालमत्तेची पालक आई आपोआप होत नाही. सुनेलाच वसी करता येतं, करा. साक्षीदारांची सक्ती नसली तरी दोन घ्या, तुमच्यापेक्षा वयाने लहान, वसीयतीत ज्यांना काही मिळत नाही असे. सत्तरीच्या मित्राला साक्षीदार घेऊन काय उपयोग, तो तुमच्याआधी जायचा. वय झालं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं पत्र जोडा. प्रत्येक पानावर सही. आणि "यापूर्वीचे सर्व वसीयतनामे रद्द" ही ओळ, आधी काहीच केलेलं नसलं तरी.

मग नोटरी की नोंदणी? माझं मत स्पष्ट आहे: नोंदणी. 1908 च्या नोंदणी कायद्यात मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, पण महाराष्ट्रात त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी फी 100 रुपये आणि वर पानांप्रमाणे हाताळणीचे थोडे. नोटरीला त्याहून जास्त जातात. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दुय्यम निबंधक फी घेऊन घरी येतात. फोटो निघतो, अंगठा घेतला जातो आणि मजकूर पुस्तक क्रमांक 3 मध्ये चढतो. या पुस्तकातली नक्कल तुम्ही हयात असेपर्यंत तुमच्याशिवाय किंवा तुमच्या मुखत्याराशिवाय कुणाला मिळत नाही, मुलालाही नाही. तुमच्या पश्चात मात्र कुणीही मागू शकतं. "पोरांना आत्ता कळायला नको" म्हणणाऱ्यांसाठी याहून बरी सोय नाही. बंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेव म्हणूनही ठेवता येतं.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या टपरीतली कपाटं छतापर्यंत बुडाली. घरातही पाणी होतं. अब्बांचा तो कागद पत्र्याच्या पेटीत होता, मी तो सुतळीवर वाळत घातला. टाईप केलेली अक्षरं बऱ्यापैकी राहिली, लाल शिक्का मात्र पसरून गुलाबी डाग झाला होता. शेजारच्या एका घरचा नोटरी केलेला मूळ कागद तर लगदा झाला. पुस्तकात चढलेला असता तर निदान नक्कल निघाली असती.

वारसालाच द्यायचं असेल, जसं आमच्या अब्बांना द्यायचं होतं, तर वसीयत हे साधन नव्हेच. त्यासाठी हिबा आहे, हयातीतलं बक्षीस. देतो म्हणून सांगणं, घेणाऱ्याने कबूल करणं आणि ताबा देणं, हे तीन झाले की हिबा पुरा. त्याला एकतृतीयांशाची मर्यादा नाही आणि वारसालाही चालतो. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हफीझा बीबी खटल्यात सांगितलंय की मुसलमानाचा हिबा लेखी असला तरी नोंदणीची सक्ती नाही. तरी मी म्हणते नोंदवा, नाहीतर सिटी सर्व्हेला नाव चढवताना चपला झिजतील. खरी गोम ताब्यात आहे. बक्षीस लिहून दिलं, पण घरपट्टी तुमच्याच नावे, भाडं तुम्हीच घेताय, खोल्यांना कुलूप तुमचंच, तर उद्या तो हिबा पडतो. एकत्र राहत असाल तर निदान घरपट्टी आणि लाईटचं मीटर त्याच्या नावे करा. शेवटच्या आजारात, मरणाच्या छायेत केलेला हिबा वसीयतीसारखाच धरतात, मग पुन्हा एकतृतीयांश आणि पुन्हा मान्यता. शिवाय एकदा दिलं की तुमच्या हातात काही उरत नाही, हेही मी प्रत्येकाला तीनदा सांगते. एका चाचांनी ऐकलं नाही. आता ते लेकीकडे राहतात.

ज्यांना फक्त मुली आहेत त्यांची कुचंबणा वेगळीच. बायको आणि दोन मुली असतील तर आठवा अधिक दोनतृतीयांश जाऊन चोवीसातले पाच भाग माणसाच्या भावा-पुतण्यांकडे जातात, ज्यांनी कधी चहालाही विचारलं नसेल. काही बाप हिबा करतात. केरळातले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी 8 मार्च 2023 ला आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं, तीन मुलींसाठी. त्या 1954 च्या कायद्याखाली लग्न नोंदवलं की मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि वसीयत सगळ्याची करता येते. कुणाला ते पटतं, कुणाला नाही. दीनच्या, म्हणजे धर्माच्या दृष्टीने काय, ते ज्याचं त्याने आलिमांना विचारावं. कायद्याच्या दृष्टीने दार उघडं आहे, एवढं मला ठाऊक आहे.

बहिणींसाठी दोन शब्द, कारण टपरीवर वसीयतीपेक्षा हक्कसोडपत्रंच जास्त येतात. बाप हयात असताना तुमच्याकडून कुणी "माझा हक्क सोडते" लिहून घेतलं तर त्याला सहसा किंमत नाही. जो हक्क अजून आलाच नाही तो सोडणार कसा? पण त्याबदल्यात पैसे घेतले असतील तर सावध राहा, गुलाम अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसाला नंतर हिस्सा मागायला अडवलं होतं. बाप गेल्यावर तलाठ्याकडची वारस नोंद स्वतः बघा. तुमचं नाव वगळलं असेल तर फेरफाराची नोटीस लागल्यापासून पंधरा दिवसांत हरकत द्या. पंधरा दिवस चुकले म्हणून हक्क जात नाही, फेरफार म्हणजे मालकी नव्हे. बँकेत किंवा सोसायटीत भावाचं नाव नॉमिनी म्हणून असेल तरी तो फक्त पैसे ताब्यात घेणारा, वाटायचे ते सगळ्यांना.

गोव्याचं सगळंच वेगळं. बांद्याच्या एका चाचांचे मेहुणे म्हापशाचे, त्यांनी माझा नमुना नेला आणि आठवड्यात परत आणला. तिथे 1937 चा शरियत कायदा लागू नाही. पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा मुसलमानांनाही लागतो. तिथे अर्धी मालमत्ता सक्तीच्या वारसांसाठी राखीव, अर्ध्याची वसीयत करता येते, आणि सार्वजनिक मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर, त्याच्या पुस्तकातच होतं. "म्हणजे तिथे नोटरीनेच पक्कं होतं ना, आपा?" चाचा म्हणाले. हो चाचा, तिथे होतं. पण तो नोटरी वेगळा, सरकारी. आपल्या कोर्टाबाहेर छत्रीखाली बसतो तो नव्हे.

थोरल्या भावाने मागच्या वर्षी स्वतःचा वसीयतनामा करायला घेतला. कुवेतहून फोनवर मजकूर सांगत होता, मी टाईप करत होते. गावच्या मदरशाला दहावा हिस्सा, वसी म्हणून धाकटा. मी विचारलं, धाकटा का? म्हणाला, "हिशेब त्याला आता पाठ झालाय." नोंदणीसाठी तो रमजाननंतर येतोय. वारसांचं पान मी वेगळं काढून ठेवलंय, अम्मीचं नाव सगळ्यात वर.